सात नंबरची रेघ

२४ नोव्हेंबर, सोमवार

दीपाली मॅडमनं आज अकरावीच्या पोरांले एकेक वही वाटली. गणिताच्या तासाले काय समजलं, काय नाई समजलं, ते रोज लिहाचं म्हणे. सोमारीची वही उरली. मी म्हणलं, द्या इकडं, घरी नेऊन देते. घरी नेली तर पोरीनं हातही लावला नाई. कोरी वही उंदरांले कुरतडाले कायले द्याची? मीच लिहून राह्यली. चौथी शिकली हाय मी. अक्षर वाकडं हाय, पण वाचाचं कोणाले?

सोमारी माझी एकुलती एक पोरगी. दिवाळीपासून घरात बसली हाय. शाळेत जाची वाट जंगलातून जाते, दोन किलोमीटर. त्या वाटेवर नाल्याच्या अलीकडं भादव्यात तिच्या बापाले वाघानं नेलं. सात्या, रानातल्या अळंब्या, वेचाले गेला होता लालसू, माझा माणूस. एक चप्पल भेटली. फारेस्टवाल्यांनी तीन दिवस पायलं, दुसरं काही भेटलं नाई. दिवाळीपर्यंत गेली पोरगी कशीतरी. मग एक दिवस म्हणाली, आई, मी त्या वाटेनं आता येणार नाई. झालं. दुसरी वाट हाय कुठी!

मी जाते रोज. शाळेत पोरांची खिचडी मीच रांधते. मले कोणी विचारलं नाई भीती वाटते का म्हणून, अन् वाटत बी नाई. त्या जागेवर आमच्या टोल्यातले, म्हणजे वस्तीतले, सारे एक हिरवी डहाळी टाकतात अन् वळसा घालून जातात. जागेवर पाय ठेवाचा नाई, अन् थांबाचं बी नाई. थांबलं की गेलेल्या माणसाले वाटते, मले न्यायले आले. मी डहाळी टाकते अन् चालू लागते.

मुख्याध्यापक सर आज म्हणाले, पंधरा डिसेंबरच्या चाचणीले पोरगी बसली नाई तर दाखला घेऊन जा. दाखला घेऊन काय करू? चुलीत घालू?

२५ नोव्हेंबर

ठरवलं. पोरगी शाळेत जात नाई, तर शाळाच घरी आणते. खिचडी पहिल्या घंटीले चुलीवर चढते. ती शिजेपर्यंत अकरावीच्या दाराशी बसाचं, जे दिसलं ते घरी येऊन तिले सांगाचं. मॅडमले विचारलं. ती वरोऱ्याची, दिवाळीनंतर नवीनच आलेली, पंचवीस-सव्वीसची पोर, गळ्यात ओळखपत्र घालून फिरते. म्हणाली, "प्रेमिलाबाई, या ना, आत बाकावर बसा." म्हणलं, नाई जी, दाराशीच बरी. खिचडी लागली तर धावा लागन.

धडा सुरू झाला तो लिमिटचा. मॅडम म्हणाली, मराठीत त्याले सीमा म्हणतात. हात्तेच्या! सीमा म्हणजे शीव. गावाची शीव मले कोण शिकवते?

घरी येऊन सोमारीले सांगतलं, सीमा म्हणजे जिथी गाव सरते, जिथी थांबा लागते.

ती भिंतीकडं तोंड करून होती. म्हणाली, "तसं नाई आई. थांबाचं काही नाई त्याच्यात."

म्हणलं, मग काय हाय?

तिनं गोधडी डोक्यावर ओढली. पण चूक काढली म्हणजे ऐकत होती.

२६ नोव्हेंबर

आज मॅडमनं डिंपलले भिंतीपासून दहा पावलांवर उभं केलं. डिंपल आमच्याच टोल्यातली, सोमारीच्याच वर्गात. मॅडम म्हणाली, उरलेल्याच्या अर्धं चाल. डिंपल पाच पावलं चालली. आता परत उरलेल्याच्या अर्धं. अडीच. परत अर्धं. मग पाऊल, मग बोटभर, मग नखभर. मॅडम विचारते, "भिंतीला कधी लागेल?"

मी दारातून म्हणलं, "नाक लांब असन तर आत्ताच लागन."

सारी पोरं हसली. मॅडमबी हसली. मग म्हणाली, कधीच लागणार नाही, पण जाते कुठं ते आपल्याला माहीत आहे ना? भिंतीकडं. ती सीमा.

म्हणजे पोचाची गरज नाई. कुठी जाऊन राह्यलो ते पक्कं पाह्यजे. हे मले पटलं.

घरी गंजातल्या भातावर करून दाखवलं. उरलेल्याच्या अर्धा वाढाचा, मग उरलेल्याच्या अर्धा. म्हणलं, पाय, असं वाढलं तर गंज कधीच रिता होत नाई. सोमारी म्हणाली, "सरले सांगू नको. तेवढ्याच तांदळात वर्षभर रांधाले लावतीन."

भादव्यापासून पहिल्यांदा थट्टा केली पोरीनं.

आज शाळेत पोचाले दहा मिनिटं उशीर झाला. घरून तर वेळेवर निघाली होती.

२८ नोव्हेंबर

आज टॅब. कोण्या संस्थेनं बारा टॅब दिले, सोमारीचा सात नंबर. टोल्यात लाईन राहत नाई, म्हणून मी तो रोज झोळीत घालून शाळेत चार्ज कराले आणते.

मॅडमनं एक गणित दिलं. एक्सचा वर्ग वजा एक, भागिले एक्स वजा एक. एक्सच्या जागी पोरं आकडे घालत होती. शून्य पूर्णांक नऊ घातलं तर एक पूर्णांक नऊ आलं. आणखी नऊ जोडले तर एक पूर्णांक नव्याण्णव. वरच्या बाजूनं एक पूर्णांक शून्य एक घातलं तर दोन पूर्णांक शून्य एक. खालून या, वरून या, सारे दोनकडंच चालले. अन् नेमका एक घातला तर टॅब म्हणते, किंमत नाई. शून्य भागिले शून्य. मॅडमनं रेघ काढून दाखवली. सरळ रेघ, अन् मधात एक पोकळ टिंब.

मले ते टिंब काही आवडलं नाई. दोन्हीकडून रेघ येते अन् मधात कोणी नाई. मी म्हणलं, "मॅडम, भरून टाका ना ते. एवढ्याशा टिंबाले शाई किती लागन?"

ती म्हणाली, "भरता येतं, पण ते आपण भरलेलं असतं. मुळात तिथं काही नसतं."

खिचडी खालून लागली. आज वीस मिनिटं उशीर झाला होता, तवाच चूल घाईत पेटवली. सर ओरडले. म्हणलं, तुमची घडी पुढं हाय. ते म्हणाले, "बाई, घडी शाळेची आहे, सगळ्यांना तीच लागते." मागून मॅडमच्या मोबाईलमध्ये पायलं, शाळेची घडी बरोबर होती.

१ डिसेंबर, सोमवार

मॅडमचं नवीन काढणं. टॅबमध्ये काहीतरी चालू करून ठेवाचं, मग आपण जिथून चालतो तिथून त्याच्यात रेघ उमटत जाते. आठवडाभर साऱ्यांनी येताजाता चालू ठेवाचं, मग सारे रस्ते भिंतीवर पाहाचे. सोमारीचा टॅबबी चालू करून दिला तिनं. म्हणाली, "कुणास ठाऊक, एखाद्या दिवशी येईलही. वाट पाहू."

बरी हाय पोर. शहरातली असून बरी हाय.

शाळेत लुगडं झटकलं तर काठाले कुसळंच कुसळं. वाटेवर तर गवत नाई एवढं. अन् हातात डहाळी. टाकाची राहून गेली काय? टाकली होती मी. दोन तोडल्या असतीन.

३ डिसेंबर

डिंपल पाणी प्यायले चुलीपाशी आली. म्हणाली, "काकू, सकाळी कोणासंग बोलत होत्या?"

"कुठी?"

"नाल्यापाशी. मी मागून येत होती. तुमी 'आली, आली' म्हणत होत्या. मले वाटलं मले म्हणता. मी हाक मारली तर पायलंच नाई."

म्हणलं, "मोबाईल कमी पाय, कान साफ राहतीन."

तिचं तोंड उतरलं. उगाच बोलली मी. पण मी बोललीच नाई कोणासंग. डहाळी टाकली अन् चालू लागली, हेच आठवते. मधात काय होईल दुसरं? वाट काय दहा कोसाची हाय?

अर्धा तास उशीर. आज सर ओरडले नाई, नुसते पाहत राह्यले. त्याच्यानं जास्त राग आला.

सोमारीले पोकळ टिंब शिकवलं. ती उठून बसली, वही ओढून घेतली, ही नाई, दुसरी. वरचा भाग कसा फोडाचा, खालचा कसा उडवाचा ते तिनंच मले सांगतलं. एक्स वजा एकनं एक्स वजा एक उडते, अन् उरते एक्स अधिक एक. म्हणलं, मग ते टिंब भरलं का? म्हणाली, "नाई आई. उडवताना एक्स म्हणजे एक नाई असं धरा लागते. जवळ जाचं, पण तो धराचा नाई." मले काही समजलं नाई. पण पोरगी सलग एवढी बोलली. भाकर बी खाल्ली.

म्हणलं, चाल मग उद्या शाळेत. लगेच वही मिटली.

५ डिसेंबर

काही लिहासारखं नाई. धान मळणी चालू. पाय दुखते. सकाळी पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते, दव लय पडून राह्यलं. उशीर किती झाला ते विचारलंच नाई कोणाले.

८ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहूनच टाकते.

मॅडमनं खिडक्यांले पोती लावली, अंधार केला, अन् भिंतीवर सारे रस्ते पाडले. टोल्यातले सहा पोरं येतात, सहांच्या सहा रेघा, येण्याच्या बी, जाण्याच्या बी. जंगलातून एका जागी, एकावर एक, दोरीसारख्या. अन् नाल्याच्या अलीकडं ती दोरी सुटली. काही रेघा इकडून, काही तिकडून, अन् मधात डोळ्यासारखी मोकळी जागा. मग पुढं परत दोरी.

मॅडम एकदम खूश. टाळीच वाजवली तिनं. "बघा, बघा! सकाळी इकडून आलात, दुपारी तिकडून. दोन्हीकडून रस्ता याच जागेकडं येतो, आणि नेमक्या या जागी एकही रेघ नाही! हेच ते पोकळ टिंब! काय आहे इथं? डबकं आहे का?"

डिंपलनं मान खाली घातली.

मग मॅडम पुढं गेली, डोळे बारीक केले. "अरे, एक आहे की. ही बघा, आत गेलेली."

मलेबी दिसली. लाल रेघ. त्या डोळ्यात शिरली होती अन् तिथी गाठ पडली होती, जशी सुताची पडते. मॅडम म्हणाली, एकाच जागी बराच वेळ थांबलं की असं होतं. कोणता टॅब हा? सात. सात नंबर कुणाचा?

डिंपल म्हणाली, "सोमारीचा."

"सोमारी तर येतच नाही."

मग सारे दाराकडं पाहाले लागले. माझ्याकडं. काय पाहता बे, मी काय तमाशा हाव?

म्हणलं, "मॅडम, ते डबकं नव्हे. तिथी माझा नवरा गेला. वाघानं नेला, भादव्यात. म्हणून वळसा घालतात सारे. अन् तुमचं यंत्र खोटं हाय. झोळीत टॅबसंग खिचडी हलवाचा लोखंडी सराटा असते, त्याच्यानं बिघडलं असन."

मॅडमनं लाईट लावला. मग चुलीपाशी आली अन् रडाले लागली. मला माहीत नव्हतं बाई, मला माफ करा बाई. म्हणलं, माहीत नव्हतं तर माफी कायची. गंजावर वाकून रडू नका, मीठ टाकून झालं हाय.

घरी येऊन सोमारीले सांगतलं, यंत्रानं कशी फजिती केली ते. मले वाटलं हसन. ती हसली नाई. टॅब घेतला, एकेक दिवस उघडून पाह्यलं. मग मोठ्यानं वाचलं.

"सोमवारी परत येताना त्या जागेपासून साठ मीटरवर थांबली. बारा मिनिटं. मंगळवारी एकतीसवर. बुधवारी सोळा. गुरुवारी नऊ. शुक्रवारी चार, अठ्ठावीस मिनिटं. आज सकाळी दोन." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "आई, उद्या एक."

"कायचं एक?"

"तू रोज थांबते तिथी. रोज अर्धं उरवते."

"चाल हट. मी कुठी थांबते! मले काम नाई का दुसरं?"

"काय बोलते तू बाबासंग?"

मी कोंबड्या झाकाले उठली. कोंबड्या तर आधीच झाकल्या होत्या. आंगणात उभी राह्यली थोडी. मले खरंच काही आठवत नाई. घर आठवते, टोल्याचं टोक आठवते, डहाळी तोडली ते आठवते. मग शाळेचं फाटक. मधातली वाट रोजचीच हाय, रोजची वाट आठवते कोण? पण कुसळं कुठून लागतात, ते मले सांगता येत नाई. लुगडं खोटं बोलत नसन.

सोमारी भिंतीकडं तोंड करून झोपली नाई आज. माझ्याकडं तोंड करून झोपली, अन् माझ्या पदराचं टोक मुठीत.

९ डिसेंबर

सकाळी उठली तर पोरगी अंघोळ करून उभी. शाळेचा ड्रेस. दिवाळीपासून ट्रंकेत होता, घड्या पडलेल्या. केस घट्ट बांधलेले. तोंड पांढरं फटक, पण उभी.

म्हणलं, "कुठी?"

"शाळेत. तुझ्यासंग."

पहा! पंधरा दिवस मी भात वाढून वाढून लिमिट शिकवलं, लागलं ना शेवटी डोक्यात! मॅडमले सांगाले पाह्यजे, तिच्या टॅबनं नाई झालं, माझ्या गंजानं झालं.

टोल्याच्या टोकाले तिनं माझं मनगट धरलं. म्हणलं, मी काय गाय हाव? सोडली नाई. डहाळ्या तिनंच तोडल्या, दोन्ही.  पाऊल हळू केलं नाई तिनं.

वळशापाशी ती आतल्या अंगाले झाली, जागेच्या बाजूले. म्हणलं, तिकडून मी चालते, तू इकडं ये. "नाई," म्हणाली. "तू बाहेरून."

अन् तिथी मले ऐकू आलं. हे मी मॅडमले सांगणार नाई, कोणालेच नाई, वहीत लिहून ठेवते. डहाळ्यांच्या ढिगाकडून, अगदी जवळून, जसं माणूस दारात चप्पल घालून बायकोची वाट पाहत विचारते, तसं. "झालं का?"

सोमारीचा आवाज नव्हता. मले भीतीच वाटली नाई, हेच वाईट. तोंडात आलंच होतं माझ्या, "आलीच." पाय बी वळला होता. तेवढ्यात पोरीनं मनगटाले असा हिसका दिला की खांद्यापर्यंत कळ गेली.

"बोलू नको आई."

"मी कुठी बोलली?"

"चाल."

नाल्यापलीकडं जाऊन तिनं हात सोडला अन् वाकून ओकली. पाणी पाजलं. शाळेत वेळेच्या आधी पोचलो. सर म्हणाले, आज सूर्य कुठून उगवला. मनगटावर चार बोटं अन् एक अंगठा, अजून उमटलेली हायत.

१२ डिसेंबर

पोरगी रोज येते. येताना धरते, जाताना धरते. मी खिचडी रांधते तवा वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहत राहते, मी दिसते का म्हणून. मॅडम म्हणाली, लक्ष नाही तिचं. म्हणलं, हाय लक्ष. कुठी हाय ते तुमाले नाई समजणार.

१५ डिसेंबर, सोमवार

आज चाचणी. दाखला काही घेऊन जा लागत नाई आता.

आज खिचडी नव्हती, अर्धी शाळा. भांडी शुक्रवारीच घासलेली. पोरगी पेपरले बसाच्या आधी बाहेर आली अन् मले फाटकाजवळच्या दगडावर बसवलं. म्हणाली, "आई, पेपर होईपर्यंत इथून हलाचं नाई. एकटी घरी निघाली तर मी पेपर टाकून मागं येईन. खरंच येईन."

"धान वाळू घातलं हाय घरी."

"वाळू दे."

गेली आत. मी बसली. मले बसणं जमत नाई, साऱ्या दुनियेले माहीत हाय. दोनदा उठली. पेपर किती मोठा असते? कोवळं ऊन होतं ते चढलं. फाटकातून आमची वाट दिसते, सागाच्या झाडांत शिरते तिथपर्यंत. वाटेवर कोणी नव्हतं. कुत्रं बी नव्हतं.

अन् परत आलं. एवढ्या दूर, भर उन्हात. झाडांतून नाई, फाटकाच्या पलीकडून, मधात नुसता खांब असन इतक्या जवळून. "झालं का?"

मी उभी राह्यली. एक पाय फाटकाच्या बाहेर होता, तो मी पायला. माझाच होता. कवा टाकला, माहीत नाई. आत वर्गात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खिडकीत सोमारीचं डोकं दिसत होतं, खाली वाकलेलं, लिहत होती. आज खिडकीकडं पाहत नव्हती. मी दगडावर बसली हाय, एवढं धरून चालली होती पोरगी.

पाय आत घेतला. वाटेकडं तोंड करून मी मोठ्यानं म्हणलं, ऐकणाऱ्यानं ऐकावं म्हणून.

"नाई. पोरीचा पेपर चालू हाय."

मग दगडावर बसली. घंटी व्हाची होती अजून.